मांजराची छाती, वाढत्या अंगाची

मांजर पाळणाऱ्या माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही, आणि ते मी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगितलेलं आहे. त्यामुळे आमची चैत्राली ऑफिसातून येताना ओढणीत काहीतरी गुंडाळून घेऊन आली आणि ते काहीतरी हललं, तेव्हा मी पेपर खाली ठेवला आणि चष्मा काढला. मी चष्मा काढून बोलायला लागलो की घरात गंभीर वातावरण पसरावं अशी माझी अपेक्षा असते. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून एकदाही पसरलेलं नाही, पण मी प्रयत्न सोडलेला नाही.

"बाबा, आधी पूर्ण ऐकून घ्या," चैत्राली म्हणाली. "खाली मीटरच्या खोलीत होतं. आई बाकीची पिल्लं घेऊन गेली आणि ह्याला टाकून गेली. आपण नाही ठेवायचंय. माझ्या ऑफिसातली मनाली नेणार आहे. फक्त जरा सुधारू दे म्हणते, कारण तिच्याकडे आधीच एक कुत्रा आहे, त्यात आजारी पिल्लू नको."

"म्हणजे धडधाकट झालं की जाणार."

"हो."

"ज्या दिवशी धडधाकट, त्या दिवशी बाहेर."

"हो बाबा."

अट माझी होती, मोठ्या आवाजात घातलेली होती, आणि साक्षीदार म्हणून आमची श्रद्धा हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढे मला ही अट फार जड गेली, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आता माझ्याविषयी थोडं. मी हरिचंद्र पाटकर. अंबरनाथच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या वस्तू करणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. माणूस रिटायर होतो, नजर होत नाही. बादली घ्यायला दुकानात गेलो तरी मी आधी ती उलटी करून बुडाकडून बघतो, त्यामुळे बदलापुरातले दोन-तीन दुकानदार मला लांबूनच "स्टॉक नाही" म्हणतात. तर सवयीने मी त्या पिल्लालाही उलटं केलं.

छातीच्या मधोमध खड्डा होता. जिथे हाड जरा पुढे यायला हवं तिथे ते आत गेलेलं, माझा अंगठा आरामात बसेल एवढं. बरगड्या दोन्ही बाजूंनी फाकलेल्या. "डिफेक्ट आहे," मी जाहीर केलं, आणि शोध लावल्याचं समाधान मला साधारण पाव मिनिट मिळालं. कारण तेवढ्यात श्रद्धाने बशीत दूध ठेवलं, पिल्लाने दोन-तीनदा जीभ लावली आणि मग मान ताणून, तोंड उघडं टाकून ते नुसतं श्वास घेत राहिलं. दूध समोर होतं, भूक होती, आणि ते पिऊ शकत नव्हतं. 

चैत्रालीने त्याचं नाव पोह्या ठेवलं, चपटा म्हणून. मी विरोध केला. नाव ठेवलं की वस्तू घरातली होते. कंपनीत आम्ही रिजेक्ट मालाला फक्त नंबर देत असू. माझं कोणी ऐकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "पोह्या, सरक" असं मीच म्हणालो.

आमच्या इमारतीत बातमी पसरायला लिफ्टसुद्धा लागत नाही. पहिल्या आल्या तळमजल्यावरच्या पुतळाकाकू. त्यांचं माहेर चामटोलीचं, बदलापूरच्या पलीकडे, आणि जगातल्या सगळ्या आजारांवर त्यांच्याकडे तेल आहे. त्यांनी पोह्याला तळहातावर घेतलं, छातीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय नाय झालंय त्याला. त्याल कोमट कर नि चोल. आमच्या चामटोलीला मांजरी पाच-पाच पिलं घालतान, कोन बगतंय त्यांच्या छात्या?"

"काकू, हाड आत गेलंय."

"मंग बाहेर काड. तू कंपनीत व्हतास ना?"

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं आणि त्या गेल्या. माझ्या मनात मात्र ते घर करून बसलं. आपण कंपनीत होतो. आपल्याला जमायला हवं.

मग आला अल्पेश. दुसऱ्या मजल्यावर राहतो, फ्लॅट विकण्या-भाड्याने देण्याचं काम करतो, आणि अख्ख्या ठाणे जिल्ह्यात त्याची कुठे ना कुठे ओळख आहे. "अंकल, डायरेक्ट डॉक्टरकडे कधीच जायचं नाही," तो म्हणाला. "ओळखीशिवाय गेलात की चुना लागला समजा. आधी एक्स-रे काढा, मग बोला. उल्हासनगरला आपला बंदा आहे सेंटरमध्ये."

"मांजरांचं सेंटर?"

"माणसांचंच आहे. पण छाती म्हणजे छाती ना अंकल, मशीन को क्या समझता है?"

चैत्राली म्हणत होती की सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊ. पण आमच्यासारख्या माणसांना सरळ जाण्याची भीती वाटते. गॅसचं कनेक्शन असो, शाळेचा प्रवेश असो, आम्ही आधी ओळख काढतो, मग काम. ओळखीने दोन हेलपाटे जास्त पडले तरी चालतात, कारण ते ओळखीतले हेलपाटे असतात. मी पोह्याला भाजीच्या पिशवीत घातलं आणि उल्हासनगरला निघालो.

काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"पोह्या."

"पूर्ण नाव सांगा."

"पोह्या पाटकर."

"वय?"

"दीड महिना असेल."

आता तिने मान वर केली. "एवढं लहान? आई कुठे आहे?"

"आई सोडून गेली," मी म्हणालो, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "आणि तुम्ही आजोबा का?" मागे रांग वाढत होती, एक गृहस्थ खोकत होते, आणि पिशवी हलायला लागली होती. मी मान डोलावली. अशा रीतीने मी आजोबा झालो.

कॉम्प्युटर पुढे सरकेना, कारण पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव टाकल्याशिवाय तो सरकत नाही. अल्पेशच्या ओळखीच्या माणसाने तिथे काहीतरी टाकलं. आतल्या खोलीत पिशवी उघडल्यावर फोटो काढणारा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, पण नाव कॉम्प्युटरवर चढलं होतं, आणि आपल्याकडे एकदा नाव चढलं की माणूस असो, मांजर असो, त्याचं काम होतं.

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला. तो लिहिणारे डॉक्टर दुसऱ्याच कुठल्यातरी शहरात बसून फोटो बघतात, पेशंट बघत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं की छातीचं हाड आत दबलेलं आहे आणि हृदय एका बाजूला सरकलेलं आहे. पुढे लिहिलं होतं की कमरेखाली एक लांब वळलेली सावली दिसते, ती बहुधा झबल्याच्या नाडीची असावी, तरी बाळाचे सर्व कपडे काढून फोटो पुन्हा घ्यावा. श्रद्धा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. चैत्राली हसली नाही. तिने पहिली दोन वाक्यं पुन्हा वाचली, फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "उद्या मी रजा टाकतेय. उद्या आपण माझ्या पद्धतीने जायचं."

अंबरनाथच्या डॉक्टर किर्ती म्हणजे चैत्रालीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी. मी ओळख काढायचा एक शेवटचा प्रयत्न केला, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" पण त्यांनी पोह्याच्या छातीला नळी लावली होती आणि बोट वर करून मला गप्प केलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी नीट समजावलं. काही पिल्लांचं छातीचं हाड असं आत वळतं. आत जागा कमी पडते, फुप्फुस पूर्ण फुगत नाही, हृदय ढकललं जातं. "ह्याचं जास्तच आत आहे. पण काका, आत्ता हाडं कोवळी आहेत, हीच वेळ आहे. एकदा पक्की झाली की ती ओढली जाणार नाहीत."

"ओढायची म्हणजे?"

"छातीच्या हाडामागून दोरे घालून बाहेर काढायचे. बाहेरून छातीवर एक कडक पट्टी बसवायची आणि दोरे तिला बांधायचे. पट्टी हाडाला बाहेर ओढून धरते. काही आठवडे तसंच राहिलं की हाड तिथेच बसतं." मग त्या थांबल्या. "सुई हृदयाच्या अगदी जवळून जाते. धोका आहे, मी लपवत नाही. पण असंच ठेवलं तर हा फार दिवस काढणार नाही."

चैत्रालीने माझा हात धरला. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसा.

"पट्टीसाठी मी एक प्लॅस्टिकची शीट वापरते," डॉक्टर म्हणाल्या, "ती संपली आहे, मागवलीय. तुम्हाला कुठे साधी जाड पीव्हीसी शीट मिळाली तरी चालेल, आकार मी देईन."

ह्या वाक्याचा शेवटचा भाग मला ऐकूच आला नाही. प्लॅस्टिक हा शब्द कानावर पडला आणि रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा मी ताठ बसलो. "डॉक्टर, तुम्ही काळजी सोडा," मी म्हणालो. "पट्टी मी करून आणतो."

घरी आल्यावर मी कपाटातून व्हर्नियर काढला. पोह्याची छाती मी लांबीत मोजली, रुंदीत मोजली, खड्ड्याची खोली मोजली. खोली मोजताना त्याने व्हर्नियरला चावा घेतला आणि मग दमून त्यावरच डोकं ठेवलं. मी ड्रॉइंग काढलं, वरून, समोरून आणि बाजूने, कोपऱ्यात चौकट करून "पार्टचं नाव: पोह्या छाती आधार" असं लिहिलं आणि खाली सही केली. फार वर्षांनी कुठल्यातरी कागदावर सही करताना मला बरं वाटत होतं.

श्रद्धाने ड्रॉइंग बघितलं. "अहो, एवढंसंच?"

"मापाचं आहे."

"मापाचं कशाला? वाढतं अंग आहे त्याचं. जरा मोठं करा. दर आठवड्याला नवं कोण करणार?"

वाचकहो, इथे मी तिला समजावायला हवं होतं. मी तसा समजूतदार माणूस आहे. पण ज्या घरात मी वाढलो त्या घरात मापाचं काहीच शिवलं जात नसे. माझी शाळेची चड्डी पाचवीत गुडघ्याखाली लोंबायची आणि आठवीत वर चढायची. ती मापाची नेमकी केव्हा झाली हे मला कधीच कळलं नाही. चैत्रालीच्या फ्रॉकला खाली एवढी दुमड असायची की ती सोडत सोडत तिची प्राथमिक शाळा संपली. वाढत्या अंगाला मापाचं घेणं ही आमच्यात उधळपट्टी समजतात. माझी अख्खी नोकरी मिलिमीटरच्या दहाव्या भागावर भांडण्यात गेली, आणि श्रद्धाच्या एका वाक्यासरशी मी खोडरबर घेतला आणि सगळी मापं वाढवली. "बाहीला पण सोडा जरा," असंही ती म्हणाली. बाही नव्हती, तरी मी सोडली.

पट्टी करायला मी गेलो उल्हासनगरला, सिंधी गोपसेठकडे. कॅम्पातल्या एका गल्लीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, मोबाइलच्या दुकानांना लागणारे स्टँड, ट्रे, नावाच्या पाट्या, सगळं पीव्हीसीत करून देतात. त्यांनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघितलं, मला चहा मागवला आणि विचारलं, "ये कौनसे कंपनी का मॉडल है साईं?"

"बिल्ली का है."

"बिल्ली नयी कंपनी है?"

मी सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, मधे मधे "अच्छा, अच्छा" म्हणत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "हो जायेगा. लेकिन एक पीस नहीं बनता. एक पीस के लिए मशीन गरम करूं? डझन लो."

"सेठ, माझ्याकडे एकच मांजर आहे."

"बिल्ली है साईं," ते समजुतीने म्हणाले. "आज एक है."

उल्हासनगरात डझनाच्या खाली बोलणाऱ्या माणसाकडे लोक जरा दयेने बघतात. मी डझन सांगितले. रंग कुठला, असंही त्यांनी विचारलं. मी पांढरा म्हणालो, कारण ती हॉस्पिटलची वस्तू होती.

माल लगेच मिळायचा होता, पण मशीनवरचा माणूस मेहुणीच्या लग्नाला गेला. तो आला तेव्हा गल्लीतली लाइट गेली. शेवटी पट्ट्या तयार झाल्या, मी घ्यायला गेलो, एक हातात घेतली आणि कडेवरून बोट फिरवलं. कडा खरखरीत होत्या.

ह्या जागी शहाण्या माणसाने माल उचलला असता. मी परत केला. अख्खा डझन. "फिनिशिंग नहीं है," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात तो जुना दरारा आला, ज्याला कंपनीतली पोरं पाठीमागे हसायची. गोपसेठ म्हणाले, "साईं, बिल्ली कम्प्लेंट करेगी?" मी म्हणालो, "प्रश्न कम्प्लेंटचा नाही, क्वालिटीचा आहे." त्यांनी हात जोडले आणि पट्ट्या परत आत टाकल्या.

इकडे पोह्या आता आडवा होत नव्हता. पुढचे पाय फाकवून, मान पुढे काढून तो बसूनच डुलक्या काढायचा, आणि आडवा झाला की दचकून उठायचा. दूध आम्ही ड्रॉपरने देत होतो. मी टीव्हीसमोर बसून त्याच्या कुशीकडे बघत असे, वर-खाली, वर-खाली. श्रद्धाने विचारलं काय बघताय, तर मी बातम्या म्हणालो. टीव्ही बंद होता.

मी दुसऱ्यांदा माल घ्यायला गोपसेठकडे गेलो होतो, गुळगुळीत झालेल्या कडांवरून बोट फिरवत होतो, तेव्हा श्रद्धाचा फोन आला. "अहो, त्याची जीभ निळी पडलीय." तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी रिक्षा केलीय. तुम्ही तिकडून परस्पर अंबरनाथला या."

मी पट्ट्यांची पिशवी उचलली आणि गोपसेठना काही न सांगता पळालो. रिक्षात बसल्यावर कळलं की चहाचा ग्लास माझ्या हातातच होता.

दवाखान्यात पोह्याला काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर ठेवलं होतं. श्रद्धाच्या एका पायात तिची चप्पल होती आणि एका पायात माझी. चैत्राली ऑफिसातून थेट आली होती. डॉक्टर किर्ती म्हणाल्या, "जरा स्थिर झालाय. आता थांबण्यात अर्थ नाही, मी घेते त्याला. शीट आणलीत?"

मी पिशवीतून पट्टी काढून दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी ती पेटीतल्या पोह्याशी ताडून बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, हे काय आहे?"

"पट्टी. त्याच्या छातीची."

"ह्यात तो अख्खा मावेल."

"वाढतं अंग आहे त्याचं, म्हणून जरा..." मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला ते वाक्य ऐकू आलं. एवढी वर्षं घरात बोललेलं वाक्य दवाखान्यात फार वेगळं ऐकू येतं. श्रद्धाने खाली बघितलं.

"पट्टी छातीला लागूनच हवी, नाहीतर ती ओढणार काय? मी तुम्हाला शीट म्हणाले होते," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता रागावणार. पण त्यांनी मदतनीस बाईंना उकळतं पाणी आणायला सांगितलं, मोठी कात्री घेतली आणि माझ्या पट्टीच्या चारी कडा कापून डब्यात टाकल्या. त्याच त्या कडा. त्यांच्यासाठी मी माल परत केला होता, पोह्याला बसून झोपायला लावलं होतं, आणि त्या आता केराच्या डब्यात पडल्या होत्या. मला त्या डब्याकडे बघवेना.

पहिली पट्टी वाकवताना तडकली. दुसरी नको तिथे वळली. तिसरी त्यांनी गरम पाण्यातून काढून एका औषधाच्या बाटलीवर दाबली, गार केली, भोकं पाडली, आणि ती अशी झाली की माझ्या ड्रॉइंगला लाज वाटावी. "डझनभर आणलेत ते मात्र बरं केलंत," जाता जाता त्या म्हणाल्या. ह्या सगळ्या प्रकरणात माझी एवढीच स्तुती झाली, ती मी जपून ठेवली आहे.

दार बंद झालं. आम्ही तिघं बाकावर बसलो. समोर एक लॅब्रेडॉर होता, त्याचे मालक मला विचारत होते की तुमचं काय आहे.  मला भीती वाटत होती. सुई हृदयाच्या जवळून जाते, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि तेवढंसं हृदय, तेही एका बाजूला सरकलेलं. मी मनात म्हणालो, जगू दे. नंतर हवं तर जाऊ दे मनालीकडे, पण जगू दे. माझीच अट पुढे करून मी केलेला हा पहिला आणि शेवटचा सौदा.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. मास्क खाली केला होता. "झालं. श्वास चांगला चाललाय."

चैत्राली त्यांच्या गळ्यातच पडली. श्रद्धा पदराने डोळे पुसत होती. मला खूप काही म्हणायचं होतं, उपकार वगैरे, मी तोंडही उघडलं. बाहेर आलं ते असं: "मटेरियल कसं वाटलं?"

पुढचे काही आठवडे पोह्या छातीला पांढरी पट्टी बांधून घरभर फिरला. तो कपाटाला आपटला की टक्, टेबलाला आपटला की टक्. पुतळाकाकू रोज एक चक्कर मारून जायच्या. "बगलंस? काडलंस ना बाहेर हाड," त्या मला म्हणायच्या, आणि मी डॉक्टरांचं नाव घेतलं तर ऐकायच्या नाहीत. उरलेल्या पट्ट्यांपैकी दोन त्यांनी मोबाइल ठेवायला नेल्या, एकीत श्रद्धाने साबण ठेवला. अल्पेश म्हणाला, अंकल ऑनलाइन टाका, पेट्स का बहुत चलता है आजकल.

आणि पोह्या सुधारत गेला. आधी तो आडवा झोपायला लागला. मग तोंड मिटून जेवायला लागला. मग एका सकाळी त्याने माझ्या पायजम्याच्या नाडीवर झेप घेतली आणि दमला नाही. दर तपासणीला डॉक्टर खूश, चैत्राली खूश, श्रद्धा येताना पेढे घ्यायची. मी रिक्षातून बाहेर बघत बसायचो. इतकं चांगलं चाललेलं असताना मला बरं का वाटत नाही हे मला नीट ठाऊक होतं, पण कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या छातीवरून बोट फिरवून दाखवलं. जवळजवळ सपाट. "आता हे चारचौघांसारखं मांजर आहे."

"थोडे दिवस देखरेखीखाली ठेवायला लागेल ना?" मी विचारलं.

"गरज नाही."

"महिनाभर तरी?"

"काका, तो धडधाकट आहे."

हा शब्द त्यांना कोणी सांगितला होता देव जाणे.

रविवारी मनाली आली. चांगली मुलगी, हसरी, पिल्लाला न्यायला झाकणाची वेताची टोपली आणली होती, आत मऊ टॉवेल अंथरला होता. पोह्याला बघून खाली बसली, त्याला हात लावायच्या आधी आपला हात हुंगू दिला. एवढी चांगली मुलगी नको होती, थोडी तरी वाईट असती तर बरं झालं असतं.

"काका, आता एकदम फिट ना?" तिने विचारलं.

चैत्राली माझ्याकडे बघत होती. श्रद्धा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. अट माझीच होती.

"तसा फिट म्हणायला हरकत नाही," मी म्हणालो. "पण त्याला श्वास लागतो."

"अजून?"

"मधे मधे. जिना चढला की. गार हवा सुटली की. कुत्रा दिसला की तर फारच."

"बाबा," चैत्राली म्हणाली, "त्याने कुत्रा कधी बघितलाय?"

"म्हणूनच म्हणतोय. बघितला तर."

एवढ्यात पोह्या पडद्यावरून सरसर वरपर्यंत चढला, पडद्याच्या दांडीवरून ह्या टोकाचा त्या टोकाला गेला, खाली सोफ्यावर उडी मारली आणि तोंड मिटून शांतपणे आमच्याकडे बघत बसला. मनालीने ते सगळं बघितलं. मग तिने श्रद्धाकडे बघितलं.

"काकू, खरंच लागतो का हो श्वास?"

श्रद्धाने ट्रे खाली ठेवला. आजवर माझ्या प्रत्येक खोट्यावर तिने चारचौघांत पाणी ओतलेलं आहे, आणि आत्ताही ती ओतणार हे मला दिसत होतं.

"लागतो ना," ती म्हणाली. "पण त्याला नाही, ह्यांना. तो नुसता दाराकडे गेला तरी लागतो."

मनालीने टोपलीतला टॉवेल काढून पोह्याच्या बाजूला सोफ्यावर ठेवला, टोपलीचं झाकण लावलं आणि चहाचा कप घेतला. मला श्रद्धाला चांगलं सुनावायचं होतं. पण मला खरोखरच श्वास लागला होता.